पोचलेला सिलिंडर

तपासनिसाच्या मेहुण्याची थोरली लेक जुळ्यांच्या बाळंतपणाला माहेरी आली, घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि मेहुणा वळकटी काखोटीला मारून दाजींच्या कचेरीत मुक्कामाला आला, त्या वर्षीची ही गोष्ट.

कचेरी म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. तपासनीस पूर्वी विमा कंपनीत दावे तपासायचा. माणसं खोटं बोलतात हे तो तिथे शिकला, आणि वस्तूंना खोटं बोलता येत नाही हेही तिथेच शिकला. मेहुणा पोस्टातून निवृत्त झालेला. जीभ तेज, नजर बेताची.

शनिवारी सकाळी दार वाजलं. दारात एक सडपातळ बाई उभी होती. डोळे सुजलेले, पण आवाज ताठ.

"माझा नवरा कोठडीत आहे," ती म्हणाली. "ऑक्सिजनची गाडी चालवतो. त्यानं मालकाला मारलं म्हणतात."

"आणि त्यानं मारलं नाही?" मेहुण्यानं विचारलं.

"साहेब, पिंजऱ्यात सापडलेला उंदीर तो लांब नेऊन सोडतो. मी ओरडते, तरी सोडतो."

तपासनिसानं खुर्ची पुढे केली. "बसा. पहिल्यापासून सांगा."

तिनं सांगितलं ते असं. मालकांचा धंदा घरोघरी ऑक्सिजन पोचवण्याचा. फुप्फुसं निकामी झालेले रुग्ण, म्हातारी माणसं, अशांच्या घरी भरलेले सिलिंडर द्यायचे आणि रिकामे आणायचे. दोन वर्षांपूर्वी मालकांचीच फुप्फुसं गेली. तेव्हापासून ते अंथरुणावर, आणि स्वतःच्याच धंद्यातला सिलिंडर लावून श्वास घ्यायचे. गुरुवारी सकाळी त्यांच्या दाराशी आलेला सिलिंडर रिकामा निघाला. दुसरा येईपर्यंत मालक गेले.

"पोलीस म्हणतात, यानं भरलेला बाहेर विकला आणि रिकामा घरी टाकला. हा म्हणतो, मी त्या दिवशी त्या घरी गेलोच नाही. पण इंटरनेटवरच्या त्यांच्या कारभारात याच्या नावानं ‘पोचला’ असं लिहिलंय. दाराशी ठेवलेल्या सिलिंडरचा फोटोही आहे."

"मग आता माझ्याकडून काय हवं?"

बाईचा ताठ आवाज पहिल्यांदा हलला. "सासूबाईंपाशी आता फार दिवस नाहीत. डॉक्टरांनी हात टेकले. चमच्यानं पाणी घेतात, आणि दार वाजलं की विचारतात, आला का? मी सांगते, गाडीवर गेलाय. सोमवारी त्याला मोठ्या तुरुंगात हलवणार आहेत. मग मायलेकरांची गाठ पडत नाही, साहेब."

तपासनिसानं टोपी उचलली. "मेहुणे, वळकटी नंतर गुंडाळा."

*

कोठडीच्या गजांमागे गाडीवाला उकिडवा बसला होता. रुंद खांदे, पण बसल्याजागी आकसलेला.

"सकाळी फोन उघडला की त्यात दिवसभराची घरं दिसतात," तो म्हणाला. "मालकांचं घर त्यात रोज असतं. गुरुवारी सुरुवातीला होतं. दोन घरं करून पाहतो तर नाही. म्हटलं, धाकट्या मालकांनी पोचवला असेल. बाप आहे त्यांचा."

"ऑफिसातून कुणी आधीच ‘पोचला’ असं करून टाकलं असेल," मेहुणा म्हणाला.

"ते तर रोजचंच, साहेब. ऑफिस आधी हिरवं करतं, मी मागून पोचवतो. पण ऑफिसनं हिरवं केलं तर माझ्या फोनवर ते घर नुसतं फिकट होतं. जात नाही. फिकट दिसलं तरी मी जातोच."

"मग यादीतून पार नाहीसं केव्हा होतं?" तपासनिसानं विचारलं.

"मीच पोचल्याचं दाबलं की. फोटो काढायचा, दाबायचं, गेलं."

"तुमचा फोन दुसऱ्या कुणाच्या हातात होता?"

"नाही. खिशातच असतो. हा नवाच आहे, दिवाणखान्यात ठेवण्यासारखा." तो कसनुसा हसला. "जुना पडला, मागची-पुढची काच गेली. ऑफिसनं हा दिला, तो परत घेतला."

"मालकांच्या दाराशी गेलात की बेल वाजवता?"

"नाही. मालकांची झोप मोडते. रिकामा उचलायचा, भरलेला ठेवायचा, सील काढून ठेवायचं. मालकांची देखभाल करणाऱ्या मावशींच्या बोटांना ते फुटत नाही."

"बघा!" बाहेर आल्यावर मेहुणा म्हणाला. "सील काढून ठेवतो म्हणे. स्वतःच्याच पायावर धोंडा. सील नसलेला सिलिंडर मावशींना खटकला नाही, तो याच्यामुळेच."

"खरं आहे," तपासनीस म्हणाला. "मावशींना सवय आहे हे ज्याला माहीत होतं, त्याला ते बरंच उपयोगी पडलं."

*

ऑफिस लहान, स्वच्छ. भिंतीला एकेकाळचा काळा फळा अजून टांगलेला, त्यावर आता कॅलेंडर. थोरला मुलगा मोठ्या पडद्यासमोर बसला होता. दाढी वाढलेली, शर्ट मात्र इस्त्रीचा.

"बाबांच्या वेळी सगळं त्या फळ्यावर चालायचं," तो म्हणाला. "खडूनं नावं लिहायची आणि ओल्या फडक्यानं पुसायची. मी सगळं ऑनलाइन आणलं. आता ऑर्डर, गाडी, बिलं, सगळं इथे. आपल्या कपाटात काही नाही. जगात कुठूनही उघडा."

"आत जायला नाव लागत असेल."

"तीन नावं आहेत. मालक, ऑफिस, गाडी. एका नावावर कितीही फोन चालतात. नवं नाव घेतलं की भाडं वाढतं, म्हणून तिनावरच भागवतो."

पडद्यावर शहराचा नकाशा होता आणि त्यावर एक निळा ठिपका स्थिर उभा होता.

"ही आपली गाडी. पोलिसांनी आवारात लावून ठेवलीय."

"गुरुवारी सकाळी ठिपका कुठे होता, ते आता दिसेल?"

"नाही. तो फक्त आत्ताचा दाखवतो. मागचा माग ठेवायचा तर वेगळी योजना आहे, आम्ही घेतलेली नाही."

"आणि हे आधीच हिरवं करणं?"

थोरल्यानं खुर्ची मागे सारली. "गाडीवाल्यानं सांगितलं वाटतं. अहो, मोठ्या रुग्णालयाशी करार आहे. वेळेत पोचलं तर चौकट हिरवी, उशीर झाला तर लाल. लाल फार झाले की करार गेला. रस्त्यात गर्दी असते, लिफ्ट बंद असतात. म्हणून ऑफिसच्या नावानं आधी हिरवं करतो. सिलिंडर पोचतोच की शेवटी."

"त्याला फोटो लागत नाही?"

"ऑफिसला नाही लागत. गाडीच्या नावानं केलं तर लागतो, आणि तोही तिथल्या तिथे काढलेला. जुना फोटो चालत नाही."

"गुरुवारी तुम्ही घरातून केव्हा निघालात?"

"नेहमीसारखा. पाच मिनिटांची वाट. इथे येऊन बसलो तोच बाबांचं हिरवं झालेलं दिसलं. फोटोसकट. मी निर्धास्त झालो." त्यानं पडद्यावरची नजर काढली. "मग मावशींचा फोन आला."

"तो फोटो दाखवा."

फोटो पडदाभर उघडला. उंच काळा सिलिंडर, पांढरे खांदे, सील नाही. त्याच्या मागे जिन्याचा कठडा आणि खाली उतरणाऱ्या पायऱ्या. कठड्याच्या गजांतून खालचं अंगण दिसत होतं. अंगण ओलं, मधे एक कोरडा चौकोन. वरच्या कोपऱ्यातून एक पांढरट तिरपी रेघ गेली होती.

"कोळिष्टक आहे," मेहुणा म्हणाला. "जिना झाडत नाहीत वाटतं."

"गाडीवाल्याचे त्या दिवशीचे इतर फोटो आहेत?"

थोरल्यानं दोन दाखवले. पहिल्यात सिलिंडर, मागे बंद दार, दारावर पाटी. दुसऱ्यातही सिलिंडर आणि मागे उघडं दार. दोन्ही फोटो आरशासारखे स्वच्छ.

तपासनीस बराच वेळ तिन्ही फोटोंकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग म्हणाला, "आभारी आहे. घरी जाऊन येतो."

*

मालकांचं घर पहिल्या मजल्यावर. दारासमोर छोटी मोकळी जागा, मग जिना. खाली अंगणात थोरल्याची पांढरी मोटार लावायची जागा, तेलाच्या डागावरून ओळखू येणारी.

मावशी मालकांच्या खोलीत रिकाम्या पलंगाशेजारी बसल्या होत्या. आजाऱ्यांची सेवा करण्यात उभा जन्म गेलेला, पण हात अजून खंबीर. काय झालं ते त्यांनी न रडता सांगितलं. बहुधा रडून झालं होतं.

"रात्री एक संपतो, मी दुसरा लावते. संपलेला पहाटे दाराबाहेर ठेवते. लावलेला सकाळभर पुरतो, तेवढ्यात गाडीवाला येऊन जातो. गुरुवारी पहाटेपासून भुरभुर होती. म्हटलं, आज त्याला उशीर होईल. पण मालकांच्या फोनवर हिरवं झालेलं दिसलं. दार उघडून पाहिलं, तर सिलिंडर जागेवर. निर्धास्त बसले."

"जवळ जाऊन पाहिलं नाही?"

"सगळे एकाच साच्यातले हो. चालू होता तो संपत आला तेव्हा बाहेरचा ओढत आत आणला, जोडला, चावी फिरवली. काटा हलेना. पुन्हा फिरवली. हलेना." त्यांनी पलंगाकडे बोट दाखवलं. "पलंगाखाली एक छोटा सिलिंडर असायचा, अडीनडीचा. हात घातला, तर नाही. आदल्या दिवशी दिला होता हे तोवर विसरलेच होते मी."

"कुणाला?"

"एका मुलीला दूरच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तिच्या बापानं धाकट्याला फोन केला. मालक म्हणाले, माझा नेऊन दे, मी घरातच आहे. धाकटा येऊन घेऊन गेला."

सिलिंडर कोपऱ्यात तसाच उभा होता. पोलीस रविवारी न्यायला येणार होते. तपासनिसानं त्याच्या पांढऱ्या खांद्यावरून हात फिरवला, मग बोटं एकमेकांवर घासली.

"मावशी, नळी कशी लावता?"

"नळी लोंबते, पायात येते. म्हणून खांद्याशी चिकटपट्टीनं बांधते. संपला की पट्टी ओढून काढते."

"गुरुवारी याला पट्टी लावली होती?"

"वेळ कुठे आली? काटाच हलला नाही."

तपासनिसानं खिशातून रुमाल काढून बोटं पुसली. मेहुण्यानंही उगीच सिलिंडरला हात लावला आणि तोंड वाकडं केलं. "शी! चिकट आहे."

स्वयंपाकघरात थोरल्याची बायको भाजी चिरत होती. ओट्यावर मिठाच्या बरणीला टेकवलेल्या फोनवर मालिका चालू होती. नायिका रडत होती, आवाज बारीक होता.

"आवाज हवा म्हणून लावते," ती म्हणाली. "घर खायला उठतं." तेवढ्यात पडदा काळा झाला. तिनं ओला अंगठा पदराला पुसून फोनवर टेकवला आणि नायिका पुन्हा रडू लागली. फोनच्या मागच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे होते.

"गुरुवारी सकाळी तुम्ही काय करत होता?"

"यांना डबा दिला. हे खाली उतरले. मग मी इथेच. मावशींनी हाक मारली तेव्हा धावले."

"कंपनीचं ते ऑनलाइन काम तुम्ही पाहता?"

"छे हो. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. ते यांचं."

"आदल्या संध्याकाळी धाकटे दीर आले, तेव्हा दार कुणी उघडलं?"

सुरी क्षणभर थांबली. "मीच. सिलिंडरही मीच काढून दिला. मावशी मामंजींना भरवत होत्या."

*

धाकटा सिलिंडर भरण्याच्या शेडमध्ये भेटला. यंत्राच्या घरघरीत ओरडून बोलावं लागत होतं, म्हणून त्यानं दोघांना बाहेर कट्ट्यावर आणलं.

"गाडीवाल्यानं केलं म्हणता? मला पटत नाही," तो म्हणाला. "आणि हो, मी पण गुरुवारी गेलो नव्हतो. मला वाटलं तो गेलाय, त्याला वाटलं मी. दोघांच्या भांडणात नाही, दोघांच्या भरवशात गेला बाप."

"बुधवारी संध्याकाळी घरात आणखी काही झालं?"

धाकटा जमिनीकडे पाहत राहिला. "बाबांनी पकडलं होतं. त्यांच्या फोनवर त्यांचंच नाव हिरवं दिसायचं आणि सिलिंडर यायचा दोन तासांनी. मला विचारलं, सगळ्यांचंच असं करता? मी खोटं बोललो नाही. बाबा म्हणाले, कुणीतरी श्वासाविना पडेल आणि आपण त्याला हिरवं दाखवू. रुग्णालयाचा अधिकारी रविवारी घरी येणार होता. त्याला सगळं सांगतो म्हणाले. दादासमोर, वहिनीसमोर सांगितलं."

"दादा काय म्हणाले?"

"पाया पडला. बाबा ऐकेनात. सांगितलं असतं तर करार जाणारच, वर खटला. दादा म्हणाला, मला तुरुंगात घालून मगच मरा."

परतताना मेहुणा एकदम थांबला. "दाजी, कळलं! थोरला. कारण त्याला, राग त्याला, आणि ते यंत्रही त्याच्याच हातात."

"अंगणातला चौकोन पाहिलात?"

"कोणता चौकोन?"

"कचेरीत रात्री डास फार चावतात का हो?" तपासनिसानं विचारलं. "झोप झालेली दिसत नाही तुमची."

*

रविवारी सकाळी सगळे मालकांच्या घरी बाहेरच्या खोलीत जमले. थोरला, त्याची बायको, धाकटा, मावशी. गाडीवाल्याची बायको दाराला टेकून उभी. बसा म्हटलं तरी बसेना. फौजदार घड्याळाकडे पाहत म्हणाला, "लवकर आटपा. रात्री म्हाताऱ्या बाईचं जास्त झालं म्हणून हिनं निरोप धाडलाय. पण निरोपावर मी माणूस सोडू शकत नाही."

"दाखवतो त्यावर सोडा," तपासनीस म्हणाला. "पहिली गोष्ट. दाराशी सापडलेला सिलिंडर गाडीवाल्यानं आणलेला नाही. तो याच घरातला, आदल्या रात्री संपलेला आहे. मावशी नळी चिकटपट्टीनं बांधतात. गुरुवारी त्यांनी याला पट्टी लावली नाही, तरी खांदा चिकट आहे, आणि त्यावर अजून धूळही बसलेली नाही. म्हणजे पट्टी आदल्या रात्री लागली होती. मावशींनी पहाटे जो रिकामा बाहेर ठेवला, तोच दुपारच्या आत पुन्हा आत आणला. मधे कुणी आलंच नाही, कुणी काही बदललंच नाही."

मावशींनी तोंडावर पदर धरला. "म्हणजे मीच..."

"तुम्ही फोनवरच्या खुणेवर विश्वास ठेवलात. त्या खुणेसाठीच हे केलं होतं." तो फौजदाराकडे वळला. "तुम्ही म्हणाल, भरलेला चोरायला गाडीवाल्यानं वर येऊन नुसता फोटो काढला असेल. म्हणून दुसरी गोष्ट. गाडीवाला जिना चढून येतो. त्याच्या फोटोंत सिलिंडरच्या मागे दार असतं. या फोटोत सिलिंडरच्या मागे जिना आहे. फोटो काढणारा उंबऱ्यात, घराकडे पाठ करून उभा होता. तो घरातून बाहेर आला होता."

धाकट्यानं उंबऱ्याकडे पाहिलं.

"तिसरी. रोजची लबाडी ऑफिसच्या नावानं व्हायची. तिला फोटो लागत नाही, आणि तिनं घर गाडीवाल्याच्या यादीत फिकट होऊन राहतं. तो तरीही जातो. गुरुवारी मात्र गाडीच्या नावानं केलं, म्हणून घर यादीतून पुसलं गेलं. सवयीनं झालेली चूक असती तर ती ऑफिसच्या नावानं झाली असती. इथे कुणाला तरी गाडीवाला येऊच नये असं हवं होतं."

"पण दाजी, गाडीचं नाव तर गाडीवाल्याच्या फोनवर," मेहुणा म्हणाला.

"आणि त्याच्या जुन्या फोनवर. काच फुटल्यावर तो ऑफिसनं परत घेतला. त्यातून नाव काढायचं कुणाला सुचलं नाही. तुम्हाला फोटोत कोळिष्टक दिसलं, मेहुणे. नव्या फोनच्या एकाही फोटोत ते नाही. ती रेघ जिन्यात नव्हती, कॅमेऱ्यावरच्या तडकलेल्या काचेत होती."

थोरल्याची मान हळूहळू बायकोकडे वळली. फोन त्यानंच घरी आणून दिला होता, मालिका बघायला.

"तो फोटो मी काढला असेन असं वाटतंय का तुम्हाला?" थोरला म्हणाला.

"नाही. पहाटेपासून भुरभुर होती. फोटोत अंगण ओलं आहे आणि मोटारीच्या जागी कोरडा चौकोन. तुम्ही नुकतेच निघाला होता. फोटो निघाला तेव्हा घरात दोनच चालत्या-फिरत्या बायका होत्या. मावशींना सिलिंडर रिकामा हे माहीत असतं, तर मरणाऱ्या माणसासाठी तो ओढत आत आणून त्यांनी दोनदा चावी फिरवली नसती. शिवाय त्या फोनला कुलूप आहे. ते एकाच अंगठ्यानं उघडतं."

फौजदार उठला, स्वयंपाकघरातून फोन घेऊन आला आणि थोरल्याच्या बायकोसमोर धरला. तिनं अंगठा टेकवला. फौजदारानं पडद्यावर बोट फिरवून कंपनीचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं, "नमस्कार, गाडी."

दाराशी उभ्या असलेल्या बाईच्या तोंडून आवाज फुटला, हुंदका की श्वास, कळलं नाही.

"मरावं असं मनात नव्हतं," थोरल्याची बायको म्हणाली. ती कुणाकडेही पाहत नव्हती. "दम लागला की दवाखान्यात नेतात. मागेही नेलं होतं. चार दिवस तोंडात नळी असती, रविवार टळला असता. नळी असली की बोलता येत नाही. तेवढ्यात यांनी सगळं निस्तरलं असतं."

"आणि पलंगाखालचा छोटा सिलिंडर?" तपासनिसानं विचारलं. "तो आदल्या संध्याकाळी तुमच्याच हातानं गेला होता."

"सकाळी आठवलं नाही."

"आठवलं नाही?"

धाकटा उठून खिडकीशी गेला आणि भिंतीला कपाळ टेकवून उभा राहिला. "वहिनी," तो म्हणाला, "तुझ्या हातचं जेवत होते गं ते."

फौजदारानं वही काढली. "बाईंनी म्हटलं ते मी लिहून घेतो. पण गाडीवाला त्या वेळी कुठे होता? बाईंना सामील नव्हता कशावरून? वकील पहिला हाच प्रश्न विचारील. तोवर त्याला सोडता येत नाही."

"त्याचं उत्तर या खोलीत एकाच माणसाकडे आहे," तपासनीस म्हणाला. तो थोरल्यासमोर जाऊन बसला. "तुम्ही ऑफिसात आलात. पडद्यावर बाबांची चौकट हिरवी झाली. त्याच पडद्यावर नकाशा असतो. निळा ठिपका फक्त आत्ताचं दाखवतो, म्हणजे त्या क्षणी तो तुम्हीच पाहू शकत होता. ठिपका कुठे होता?"

थोरल्याची बायको त्याच्याकडे पाहू लागली. तिच्या नजरेत विनवणी होती, की भीती, सांगणं कठीण.

"दादा," धाकटा खिडकीपासूनच म्हणाला, "बोल."

"माझी सासू आता कूस पालटत नाही," दाराशी उभी असलेली बाई म्हणाली. "तुमच्या वडलांची शेवटची भेट तुम्हाला झाली नाही. आमची होऊ द्या, थोरले."

थोरल्यानं दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले, जड ओझं उचलण्याआधी ठेवावेत तसे.

"पुलापलीकडे होता," तो म्हणाला. "घरापासून पार दुसऱ्या टोकाला. मी पाहिला."

"मग त्याच वेळी फोन का केला नाहीत?" फौजदार गरजला.

"हिरवं होतं." थोरल्यानं वर पाहिलं. "रोज मीच खोटं हिरवं करतो. खोटं हिरवं बघून दचकायचं असतं हे विसरलो होतो. वाटलं, धाकट्यानं नेला असेल, काहीतरी असेल. फोटो माझ्याच दाराचा होता. संध्याकाळी स्मशानातून आल्यावर फोटो पुन्हा उघडला आणि जिना दिसला. रेघ दिसली. तो फोन मीच आणून दिला होता."

"दोन दिवस एक निर्दोष माणूस आत बसलाय."

"हो. बाप गेलाच होता. बायको राहिली होती."

फौजदारानं लिहिलेलं वाचून दाखवलं. थोरल्यानं सही केली. मावशींनी आतून थोरल्याच्या बायकोची शाल आणून तिच्या खांद्यावर टाकली. का, ते त्यांनाच ठाऊक. हवालदारानं तिला खाली नेलं. थोरला तिच्यामागून दोन पायऱ्या उतरला आणि तिथेच बसला.

गाडीवाल्याची बायको केव्हाच निघाली होती. जिना तिनं धावत उतरला.

"दाजी," रस्त्यावर आल्यावर मेहुणा म्हणाला, "थोरल्याला काय होईल?"

"पुरावा लपवल्याचं होईल काहीतरी. रुग्णालयाचा करार जाईल. सगळ्या हिरव्या चौकटी पुन्हा तपासल्या जातील, आणि त्यांत आणखी कोण निघेल, देव जाणे."

कागद पुरे व्हायला दुपार गेली. गाडीवाल्याला संध्याकाळी सोडलं. तो पायीच पळत घरी गेला, रिक्षा थांबवायचंही त्याला सुचलं नाही. आईनं डोळे उघडून त्याला ओळखलं आणि गाडी कुठे लावलीस म्हणून विचारलं. तो म्हणाला, खाली लावलीय.

मालक गुरुवारी सकाळी गेले. गाडीवाल्याची आई सोमवारी पहाटे गेली, मुलगा उशाशी असताना.